फौजी माणसाचे घर आणि त्याचा दवाखाना

शेतकरी म्हातारा झाला तरी शेतकरीच राहतो. शाळामास्तर केस पांढरे झाल्यावर घरी बसतो. फौजी माणसाचे तसे नाही. तो अठरा-वीस वर्षांचा असताना पलटणीत जातो. पंधरा-सतरा वर्षे नोकरी झाली की पेन्शन घेऊन बाहेर पडतो. म्हणजे पस्तिशी-चाळिशीतच त्याची फौजेतली नोकरी संपते. हवालदार किंवा सुभेदार झाला तर आणखी काही वर्षे मिळतात. तरी पन्नाशीच्या आसपास तोही घरी येतो. आपल्या देशात दरवर्षी सुमारे ६० हजार जवान असे नोकरी संपवून परततात.

परत आल्यावर पहिला प्रश्न असतो, राहायचे कुठे? हा प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. चाळिशीत माणूस जिथे घर मांडतो, तिथेच पुढे सत्तरीत तो आजारी पडतो. तेव्हा डॉक्टर किती लांब आहे, औषध कोण देणार, पैसे कोण भरणार, हे सगळे त्या जुन्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून घर आणि दवाखाना या दोन गोष्टी आम्ही येथे एकत्र सांगत आहोत.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. पलटणीतून सुटला की माणूस गावी जाई. गावात जमीन असे, भाऊबंद असत, मान असे. आपल्या महाराष्ट्रात तर काही गावे फौजी गावे म्हणूनच ओळखली जातात. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या गावचे अनेक जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, टाकळी आहे. तिचे नावच 'सैनिक टाकळी' पडले. अशा गावांत आजोबा फौजेत, बाप फौजेत, मुलगा फौजेत. पेन्शनर म्हाताऱ्यांची पारावर बैठक असते. पोराने भरतीसाठी कसे पळावे, हे तेच शिकवतात.

आता चित्र बदलले आहे. ते आम्ही आमच्या कोलशेतमध्येच पाहतो.

कोलशेत म्हणजे ठाणे शहराच्या उत्तरेचे खाडीकाठचे गाव. पलीकडच्या काठावर भिवंडी तालुका लागतो. मूळ वस्ती कोळी लोकांची. मासेमारी करावी, थोडी भातशेती करावी, असे हे गाव. पुढे कोलशेत रस्त्यावर रंगांचे आणि रसायनांचे कारखाने आले. त्यांतला सँडोझ कंपनीचा कारखाना एवढा मोठा होता की आमच्या टपाल कचेरीचे नावच सँडोझबाग आहे. कारखाने गेले, नाव राहिले. कारखान्यांच्या जागेवर आता उंच इमारती उभ्या आहेत. याच रस्त्यावर हवाई दलाचे ठाणे आहे. त्यामुळे गणवेशातली माणसे आम्हाला नवीन नाहीत.

त्या उंच इमारतींच्या फाटकापाशी जरा थांबून पाहा. पहारेकऱ्यांत एखादा तरी ताठ उभा राहणारा, बुटाला पॉलिश केलेला माणूस दिसेल. विचारले तर सांगेल, "मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. गाव पाटण तालुक्यात." कोणी बँकेत पहारा करतो. कोणी रेल्वेत लागलेला असतो. कोणी कल्याणला, कोणी डोंबिवलीला घर घेऊन राहतो. पेन्शन मिळते खरी, पण चाळिशीच्या माणसाची मुले तेव्हा शाळेत असतात. नुसत्या पेन्शनीवर त्यांचे शिक्षण भागत नाही. म्हणून दुसरी नोकरी शोधावी लागते. ती नोकरी शहरात असते. चांगली शाळा, कॉलेज शहरात असते. बायकोही म्हणते, "इतकी वर्षं गावात एकटीनं काढली, आता पोरांसाठी तरी शहरात राहू." तिचे म्हणणे आम्हाला रास्तच वाटते.

काही माणसे छावणीच्या गावाजवळ घर करतात. पुणे, देवळाली, बेळगाव ही अशी गावे. तिथे लष्करी इस्पितळ जवळ असते, कँटीनमध्ये सामान स्वस्त मिळते, जुने सोबती भेटतात. नौदल आणि हवाई दलातल्या लोकांसाठी तर मुंबईत पवईला जलवायू विहार नावाची वसाहतच झाली. साबण-तेल स्वस्त मिळते म्हणून कोणी छावणीजवळ घर घेतले तर लोक हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. पेन्शनीत संसार करणाऱ्याला एकेक रुपया मोजावा लागतो.

जाता जाता सांगतो. फौजेचा आणि कल्याणचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांची मोठी छावणी होती. तिला 'कल्याण कँप' म्हणत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा दिली. १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर ठेवले. जुनी माणसे आजही उल्हासनगरला 'कँप' म्हणतात.

आता दवाखान्याकडे वळू.

चाळिशीतल्या जवानाला दवाखान्याची आठवणही येत नाही. अंगात रग असते. पण डोंगरावर ओझी वाहिलेले गुडघे साठीत बोलू लागतात. तोफेजवळ उभे राहिलेले कान जड होतात. शिवाय रक्तदाब आणि साखरेचा आजार फौजी-बिगरफौजी असा भेद करीत नाहीत. माणूस नोकरीत असताना फौज त्याची काळजी घेते. खोकला आला तरी डॉक्टर हजर. नोकरी सुटली की ती सवय मोडते आणि नेमके तेव्हाच वय वाढू लागते.

पूर्वी पेन्शनराला लष्करी इस्पितळात उपचार मिळत, पण ती इस्पितळे छावण्यांत. मुंबईला कुलाब्यात नौदलाचे अश्विनी इस्पितळ, पुण्याला वानवडीत मोठे कमांड हॉस्पिटल, खडकीला एक, देवळालीला एक. साताऱ्यापलीकडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याने शंभरावर किलोमीटर एस.टी.ने पुण्याला जायचे. एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा. बरोबर मुलगा, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. आणि इस्पितळाचे पहिले काम नोकरीतल्या जवानाचे. खाटा उरल्या तर पेन्शनराला. यात इस्पितळाचा दोष नव्हता. ते त्यासाठीच बांधलेले होते. पण गावी राहणाऱ्या फौजी म्हाताऱ्याचे औषधपाणी अर्धवटच राही.

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हता. अमेरिकेत निवृत्त सैनिक छावण्यांभोवती घरे घेत, कारण छावणीत इस्पितळ असे. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात तर अशी हजारो कुटुंबे राहतात. पण १९८८ सालापासून त्या सरकारने खर्च कमी करण्यासाठी बऱ्याच छावण्या बंद केल्या. छावणीबरोबर तिथले इस्पितळही गेले. ज्याच्या भरवशावर घर घेतले, तेच उठून गेले. म्हातारी माणसे तिथेच राहिली. पुढे २००१ सालच्या ऑक्टोबरपासून ६५ वर्षांवरच्या निवृत्त सैनिकांना बाहेरच्या डॉक्टरांकडे उपचार घेता येतील अशी योजना तिथे सुरू झाली.

आपल्याकडे १ एप्रिल २००३ पासून अशीच सोय झाली. तिचे नाव 'माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना'. अंशदायी म्हणजे काही वाटा आपण द्यायचा, बाकीचा सरकार देते. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला 'ई.सी.एच.एस.' म्हणतात. कार्डावरही हीच अक्षरे असतात, म्हणून ती लक्षात ठेवावी. आज या योजनेत माजी सैनिक आणि त्यांची घरची माणसे मिळून ५० लाखांहून अधिक लोक आहेत.

योजना चालते कशी, ते पाहू. प्रत्येक मोठ्या भागात एक दवाखाना असतो. त्याला पॉलिक्लिनिक म्हणतात. हे इस्पितळ नव्हे. येथे खाटा नसतात. डॉक्टर तपासतात, दाताचा डॉक्टर असतो, रक्त-लघवी तपासतात, औषधे फुकट देतात. आजार मोठा असला तर डॉक्टर चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी घेऊन लष्करी इस्पितळात किंवा योजनेत नोंदलेल्या खाजगी इस्पितळात जायचे. तिथे आपल्याकडून पैसे घेत नाहीत. बिल सरकारकडे जाते. मात्र खोली हुद्द्याप्रमाणे मिळते. शिपायापासून हवालदारापर्यंत सर्वांना सामाईक वॉर्ड, सुभेदाराला त्याहून बरी खोली, अधिकाऱ्याला स्वतंत्र. आजारपणात तरी हुद्दा बाजूला ठेवायला हवा होता, असे आम्हाला वाटते. पण नियम असा आहे.

वर्गणी एकदाच भरायची. २०१७ सालच्या डिसेंबरअखेर ठरलेला दर असा. हवालदारापर्यंत ३० हजार रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार, अधिकारी १ लाख २० हजार. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्यांना ही योजना सक्तीची आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात कामी आलेल्या जवानांच्या पत्नींना वर्गणी माफ आहे. ही माफी गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना ठाऊक नसते. 'तीस हजार कुठून आणू' म्हणून ते कार्डच करीत नाहीत.

कार्ड एकट्या फौजी माणसाचे नसते. पत्नीचे असते. मुलगा नोकरीला लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा २५ वर्षांचा होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवर त्याचेही असते. मुलीचे लग्न होईपर्यंत किंवा ती कमावती होईपर्यंत तिचेही. अपंग मुलाला वयाची अट नाही. आईवडील आपल्यावर अवलंबून असतील आणि त्यांची मिळकत ठरलेल्या मर्यादेत असेल, तर त्यांचेही कार्ड होते.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. पॉलिक्लिनिक कुठे आणि किती मोठे असावे, हे कसे ठरते? त्या भागात किती माजी सैनिक राहतात, यावरून. २० हजारांहून अधिक माजी सैनिक असतील तिथे सर्वांत मोठे. त्याखाली १० हजार, ५ हजार असे टप्पे आहेत. संख्या कमी असेल तिथे लहान. काही ठिकाणी गाडीतून फिरते. किती डॉक्टर, किती नर्स, किती कारकून द्यायचे, हे या प्रकारावर ठरते. योजना सुरू झाली तेव्हा २२७ पॉलिक्लिनिके मंजूर झाली. २०१० साली आणखी १९९ मंजूर झाली.

रेशनच्या दुकानाचा दाखला घ्या. दुकानात धान्य येते ते कार्डांच्या हिशोबाने. पूर्वी तुमचे कार्ड गावच्या दुकानात आणि तुम्ही राहायला ठाण्याला असलात, तर तुमचा वाटा गावी जमा होई आणि इथल्या रांगेत तुम्ही उपरे ठरत असा. पॉलिक्लिनिकचेही थोडेफार असेच. फौजी माणसाची नोंद गावच्या जिल्ह्याला असते. तिथले सैनिक कल्याण कार्यालय, तिथले पॉलिक्लिनिक. मागून माणूस मुलाकडे शहरात येतो आणि नोंद बदलायची राहून जाते. दहा-वीस माणसांनी असे केले तर काही बिघडत नाही. हजारोंनी केले की शहरात रांग लांबते आणि कागदावर मात्र ती रांग दिसत नाही.

आमच्या आळीत एक माजी नाईक राहतात. त्यांना सगळे आबा म्हणतात. गावी शेत भावाकडे देऊन ते मुलाकडे राहायला आले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. कार्ड साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकचे. आबा गोळ्यांसाठी दर खेपेला साताऱ्याला जात. मुलगा म्हणे, "इथंच विचारा ना." आबा म्हणत, "कार्ड साताऱ्याचं. इथं कोण विचारणार मला?" एका पावसाळ्यात त्यांना जायला जमले नाही. गोळ्या संपल्या. "चार दिवसांनी काय होतंय," म्हणून आबांनी दिवस काढले. चाराचे पंधरा झाले. एका पहाटे त्यांचे तोंड वाकडे झाले आणि डावा हात उचलेना.

मुलाने त्यांना जवळच्या इस्पितळात नेले. ते योजनेत नोंदलेले नव्हते. पण आळीतच एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "आधी पॉलिक्लिनिकला कळव. अठ्ठेचाळीस तासांच्या आत." नियम तसाच आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर कोणत्याही इस्पितळात न्यावे. मात्र ते योजनेतले नसेल तर घरच्यांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे. मग झालेला खर्च योजनेच्या दराने परत मागता येतो. मुलाने कळवले. सगळी बिले जपून ठेवली. पैसे काही महिन्यांनी मिळाले. सगळे नाही, कारण इस्पितळाचा दर जास्त होता आणि योजनेचा कमी. पण घर कर्जात बुडाले नाही. आबांचा हात आता निम्मा चालतो.

आबांना जी गोष्ट ठाऊक नव्हती ती ही. कार्ड देशात कुठल्याही पॉलिक्लिनिकला चालते. आपण कायमचे दुसऱ्या ठिकाणी राहायला गेलो तर आपले मूळ पॉलिक्लिनिकही बदलून घेता येते. त्यासाठी अर्ज करायचा, राहण्याचा पुरावा द्यायचा. हल्ली हा अर्ज संगणकावरून होतो. घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवावे, किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. आबांचा अर्ज त्यांच्या नातीने भरला. अर्ध्या तासाचे काम होते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण फार येते. पलटणीच्या कागदात बायकोचे नाव 'नंदा' लिहिलेले, आधार कार्डावर 'सुनंदा', आणि बँकेत माहेरचे आडनाव. नवरा हयात आहे तोवर कोणी पाहत नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शन अडते, आणि पेन्शनीबरोबर दवाखान्याचे कार्डही अडते. दुःखात असलेल्या बाईला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. नाव दुरुस्त करायचे ते नवऱ्याने, स्वतः सही करता येते तेव्हाच. जन्मतारखेचेही तसेच.

योजनेत सगळे गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. एखादे औषध नसते आणि "परवा या" असे ऐकावे लागते. रांगेत सकाळ जाते. सरकारकडून बिले वेळेवर मिळत नाहीत म्हणून काही खाजगी इस्पितळांनी या योजनेचे रुग्ण घेणे थांबवले, अशा बातम्या निरनिराळ्या शहरांतून येत असतात. त्यामुळे चिठ्ठी घेण्यापूर्वी 'ते इस्पितळ आज आपले कार्ड घेते का' हे पॉलिक्लिनिकमध्येच विचारून घ्यावे. मागच्या वर्षी शेजारच्याला घेतले होते, एवढ्यावर जाऊ नये.

गावी राहणाऱ्याचे हाल निराळे आहेत. त्याला रांग छोटी, पण वाट लांब. मुरबाड किंवा शहापूरच्या आतल्या पाड्यावर राहणाऱ्या पेन्शनराला आधी एस.टी. धरायची, मग लोकल, मग रिक्षा. म्हणून कितीतरी म्हातारे गावातल्याच डॉक्टरला पैसे देऊन मोकळे होतात आणि कार्ड पेटीत पडून राहते. अशा गावात चार-सहा फौजी असतील तर त्यांनी आळीपाळीने न जाता एकत्र गाडी करून जावे, म्हणजे भाडे वाटले जाते. आमच्या ओळखीचे काही पेन्शनर असेच करतात. वाटेत जुन्या पलटणीच्या गप्पा होतात, त्या वेगळ्या.

आता ज्यांना पेन्शन नाही त्यांच्याविषयी. पुरी नोकरी न करता बाहेर पडलेल्या जवानाला साधारणपणे हे कार्ड मिळत नाही. अशा गरजू माजी सैनिकाला औषधोपचारासाठी दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मागता येते. तो अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो.

२०२२ सालच्या जूनमध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्यात भरती झालेला तरुण म्हणजे अग्निवीर. त्याची नोकरी चार वर्षांची. त्यांतल्या शंभरांपैकी पंचवीसपर्यंत मुलांना पुढे कायम ठेवायचे, असे ठरले. बाकीच्यांना शेवटी एकरकमी पैसे मिळतात. पेन्शन नाही आणि ई.सी.एच.एस.चे कार्डही नाही. पाराजवळ पळायचा सराव करणाऱ्या मुलांना पगाराचा आकडा पाठ असतो, ही बाब बहुतेकांना ठाऊक नसते. चार वर्षांनी घरी आलेल्या अशा मुलाला आजारपणात आपल्या सर्वांसारखेच सरकारी दवाखान्यात जावे लागेल, किंवा रेशन कार्ड दाखवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यावे लागतील. तेव्हा घरच्यांनी त्याचे नाव रेशन कार्डातून कमी केलेले नसावे. मुलगा फौजेत गेला की काही घरे ते नाव काढून टाकतात. परत आल्यावर ते पुन्हा लावून घेण्यासाठी तहसील कचेरीत अर्ज द्यावा लागतो.